पुन्हा पाहिलेला क्षण : बेसबॉलमधील पंच, चित्रफीत आणि न्याय

१/
मंडळी, आजचा धागा गडकोटांचा नाही आणि मोडी कागदांचाही नाही. विषय खेळाचा आहे, तोही आपल्याकडे फारसा न खेळल्या जाणाऱ्या खेळाचा : अमेरिकेतील बेसबॉल. परंतु त्यामागचा प्रश्न आपल्या नेहमीच्या अंगणातलाच आहे. क्षणार्धात घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा कोणी करावा, कोणत्या पुराव्यावर करावा, आणि पुरावा वाढला म्हणजे न्यायही तेवढाच वाढतो का? बेसबॉलने २००८ पासून पंचांचे निर्णय चित्रफीत पाहून तपासण्याची व्यवस्था स्वीकारली. तिचे फायदे सांगणारे पुष्कळ आहेत. मी येथे तिच्या तोट्यांविषयी लिहिणार आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. गोलंदाजाच्या जागी पिचर, फलंदाजाच्या जागी बॅटर. नऊ इनिंग, आणि प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन बळी, म्हणजे एका संघाचे एकूण २७. चेंडू जमिनीलगत मारला की बॅटरने पहिल्या बेसकडे धाव घ्यायची. तो पोहोचण्याआधी बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू आला तर तो आऊट, नाहीतर सेफ. एखाद्या पिचरने प्रतिपक्षाच्या एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता सलग २७ बळी मिळवले, तर त्या सामन्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. मेजर लीगच्या नोंदींत पहिला परफेक्ट गेम १८८० चा आहे. २०२३ पर्यंत असे केवळ २४ सामने नोंदले गेले. यावरून त्याचे मोल ध्यानात यावे.

३/
२ जून २०१०. डेट्रॉईटचे कोमेरिका पार्क. डेट्रॉईट टायगर्सचा तरुण पिचर अर्मांडो गलारागा क्लीव्हलँडविरुद्ध खेळत होता. २६ बॅटर आले आणि २६ परतले. सत्ताविसावा बॅटर जेसन डॉनल्ड. त्याने चेंडू पहिल्या व दुसऱ्या बेसच्या मध्ये मारला. मिगेल कॅब्रेराने तो अडवला आणि पहिल्या बेसकडे धावत आलेल्या गलारागाकडे फेकला. गलारागाने चेंडू झेलला, बेसवर पाय ठेवला. डॉनल्ड अजून पाऊलभर मागे होता. पंच जिम जॉयस यांनी दोन्ही हात पसरले : सेफ.

४/
चित्रफितीत चूक लख्ख दिसते. तिच्याबद्दल तेव्हाही कोणाला शंका नव्हती, आजही नाही. गलारागाने तक्रार केली नाही. तो किंचित हसला आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना ३-० असा संपवला. जॉयस यांनी सामना संपल्यावर ध्वनिचित्रमुद्रण पाहिले आणि त्या तरुणाचा परफेक्ट गेम आपल्यामुळे गेला, हे पत्रकारांसमोर मोकळेपणाने सांगितले. त्यांनी गलारागाची समक्ष क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात जॉयस होम प्लेटमागे पंच होते. सामन्याआधी संघाची यादी पंचांना देण्याचा शिरस्ता असतो. ती यादी घेऊन टायगर्सच्या वतीने गलारागाच आला. जॉयस यांनी डोळे पुसले. लीगचे आयुक्त बड सीलिग यांनी मात्र निर्णय बदलण्यास नकार दिला. परफेक्ट गेमच्या यादीत तो सामना आजही नाही.

५/
चित्रफितीच्या बाजूने आजवर झालेला सर्वांत प्रभावी युक्तिवाद म्हणजे ही घटना. म्हणूनच तिच्यापासून सुरुवात केली. एखाद्या व्यवस्थेचे दोष सांगायचे तर तिच्या सर्वांत बळकट बाजूला टाळून चालत नाही. ‘त्या दिवशी रिप्ले असता तर’ हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला ते खरे वाटते. रिप्ले असता तर गलारागाला त्याच्या हक्काचे मिळाले असते. पुढचा प्रश्न असा की, त्या एका क्षणासाठी उभारलेल्या यंत्रणेने बाकीच्या हजारो क्षणांचे काय केले?

६/
थोडा पूर्वेतिहास. पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय बेसबॉलमध्ये नवी नाही. तथापि, तिच्यात एक महत्त्वाचा भेद होता. पंचाने नियमाचा अर्थ चुकीचा लावला, तर दाद मागता येई. त्याने डोळ्यांनी जे पाहिले, त्याविरुद्ध मात्र दाद नसे. २४ जुलै १९८३ रोजी कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटचा होम रन पंचांनी रद्द केला, कारण त्याच्या बॅटवर डांबरासारखे चिकट द्रव्य मर्यादेपेक्षा वरपर्यंत लावलेले होते. संघाने दाद मागितली. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी नियमाचा हेतू तपासून होम रन ग्राह्य धरला आणि उरलेला सामना १८ ऑगस्टला खेळवला गेला. नियमाचा अर्थ वरच्या पीठाकडे आणि प्रत्यक्ष पाहिलेले सत्य पंचाकडे, अशी ती वाटणी होती.

७/
या वाटणीला तडा देणाऱ्या घटना अनेक. त्यांतील सर्वांत गाजलेली २६ ऑक्टोबर १९८५ ची. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. सेंट लुईस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने आणि सामन्यात १-० ने पुढे होते. शेवटची इनिंग. कॅन्सस सिटीचा होर्हे ओर्टा पहिल्या बेसवर स्पष्टपणे आऊट असताना पंच डॉन डेंकिंजर यांनी त्याला सेफ ठरवले. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी ११-० असा विजय मिळवून विजेतेपदही. डेंकिंजर यांना पुढे धमक्यांची पत्रे आली.

८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. त्या चुकीनंतर त्याच इनिंगमध्ये कार्डिनल्सच्या पहिल्या बेसवरील खेळाडूला एक उंच उडालेला सोपा झेल घेता आला नाही. कॅचरच्या हातून चेंडू निसटला आणि बेसवरील खेळाडू पुढे सरकले. मग डेन ओर्गच्या फटक्यावर दोन धावा झाल्या. ओर्टा तर धाव करू शकलाच नाही. तो पुढे तिसऱ्या बेसवर बाद झाला. तरीही लोकस्मृतीत पराभवाचे कारण एकच उरले : पंच. पानिपतासारख्या पराभवाचे खापर एकाच माणसाच्या माथी फोडणारे लेखन आपण वाचत आलो आहोत. कारणांची गुंतागुंत टाकून एक चेहरा निवडणे सोपे असते. ‘एवढा एक निर्णय दुरुस्त झाला असता की सारे सुरळीत झाले असते’ ही रिप्लेमागची श्रद्धा याच सोप्या कारणमीमांसेतून आली आहे.

९/
ऑगस्ट २००८ मध्ये बेसबॉलने पहिले पाऊल टाकले. चेंडू कुंपणापलीकडे गेला की नाही, खांबाच्या आतून गेला की बाहेरून, प्रेक्षकाने हात घातला का, एवढ्याच होम रनसंबंधीच्या बाबींसाठी चित्रफीत पाहण्याची मुभा मिळाली. २०१४ मध्ये व्यवस्था विस्तारली. आता बहुतेक निर्णयांना संघाचा मॅनेजर आव्हान देऊ शकतो. मैदानावरील पंच कानाला यंत्र लावून उभे राहतात आणि न्यूयॉर्कमधील मध्यवर्ती कक्षात बसलेले पंच अनेक कॅमेऱ्यांची दृश्ये पाहून निवाडा देतात. निर्णय बदलण्यासाठी स्पष्ट व निःसंशय पुरावा लागतो. तो नसेल तर मैदानावरचा निर्णय कायम राहतो. आव्हान दिलेल्या निर्णयांपैकी साधारण निम्मे बदलतात. म्हणजे दुरुस्त होणाऱ्या चुका थोड्या नाहीत, हे आधीच मान्य करते.

१०/
आता तोटे. पहिला तोटा व्यवस्था सुरू होताच, २०१४ च्या एप्रिलमध्ये दिसला. क्षेत्ररक्षक ग्लव्हमध्ये चेंडू पकडतो आणि फेकण्यासाठी तो दुसऱ्या हातात घेतो. या बदलीत चेंडू सुटला, तरी तो आधी नीट पकडलेला होता, असे पंच पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. चित्रफितीच्या कक्षाला मात्र नेमकी सीमारेषा हवी होती. म्हणून चेंडू फेकणाऱ्या हातात पूर्णपणे आल्याशिवाय झेल पूर्ण नाही, असा अर्थ लावला गेला. परिणामी ज्याला मैदानावरचा प्रत्येक माणूस झेल म्हणेल, तो झेल उरला नाही. खेळाडू आणि मॅनेजर वैतागले. मोसमाला महिना होण्याआधीच, २५ एप्रिलला, जुना अर्थ परत आणावा लागला.

११/
ही घटना मला फार बोधप्रद वाटते. चित्रफीत नियमाची अंमलबजावणी करण्यासाठी आणली होती. तिने नियमाची व्याख्याच बदलली. मोजण्याचे साधन आले की जे मोजता येते तेच खरे मानण्याकडे कल होतो. ज्यांनी वसाहतकाळातील जमीन-मोजणीचे आणि शिरगणतीचे दप्तर चाळले आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. रकाने ठरले की माणसांना रकान्यांत बसावे लागते. एका संध्याकाळी अभिलेखागारात कुळांच्या याद्या उतरवून घेत असताना मला ‘इतर’ या रकान्यातील नावांची संख्या पाहून अस्वस्थ वाटले होते. रकाना साफ होता. ज्यांची नोंद झाली त्यांचे जगणे तेवढे साफ नसणार.

१२/
दुसरा तोटा सूक्ष्मतेचा. बेसकडे झेप घेणारा धावपटू बेसला स्पर्श करतो, आणि वेगामुळे त्याचे शरीर उसळते. हात किंवा पाय निमिषभर बेसवरून उचलला जातो. शंभराहून अधिक वर्षे कोणी याची दखल घेतली नाही, कारण ते कोणाला दिसतच नव्हते. मंदगतीच्या चित्रफितीत ते दिसू लागले. क्षेत्ररक्षकांना शिकवण झाली : धावपटू बेसवर पोहोचला तरी ग्लव्ह त्याच्या अंगाला लावूनच ठेवा. न जाणो, तो तसूभर उचलला जाईल.

१३/
१२ ऑक्टोबर २०१७. वॉशिंग्टन नॅशनल्स विरुद्ध शिकागो कब्ज, हरणाऱ्याचा मोसम संपवणारा पाचवा सामना. आठवी इनिंग, वॉशिंग्टन ८-९ ने मागे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू. कब्जच्या कॅचरने अचानक पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. होझे लोबातोन वेळेत परतला. पंचांनी सेफ दिले. आव्हान झाले. चित्रफितीत दिसले की बेसला लागलेला त्याचा पाय क्षणभर उचलला गेला होता आणि तेव्हा अँथनी रिझोचा ग्लव्ह त्याच्या अंगाला लागलेला होता. निर्णय आऊट. इनिंग संपली. वॉशिंग्टन ९-८ असे हरले. नियमाच्या अक्षरानुसार निर्णय बरोबर होता, यात वाद नाही. परंतु नियम लिहिणाऱ्यांच्या मनात परतलेल्या धावपटूला या रीतीने बाद करण्याचा हेतू होता, असे मला तरी म्हणवत नाही. मॅकफेल यांनी १९८३ मध्ये विचारलेला हेतूचा प्रश्न २०१७ च्या कक्षात कोणी विचारू शकत नव्हते. त्या कक्षाचे काम पाहण्याचे होते.

१४/
तिसरा तोटा वहिवाटीचा. दुसऱ्या बेसवर एका फटक्यात दोन बळी घेताना क्षेत्ररक्षक बेसवर नेमका पाय ठेवण्याऐवजी त्याच्या आसपास पाय टेकवून पुढे फेकत असे. धावत येणारा खेळाडू घसरून त्याच्या पायांवर आदळू नये, म्हणून पंच ही सवलत देत. ती नियमपुस्तकात नव्हती. वहिवाटीने चालत आली होती. २०१४ च्या व्यवस्थेने सुज्ञपणे ही बाब आव्हानाबाहेर ठेवली. परंतु लेखी व्यवस्था आणि अलिखित रीत एका घरात फार काळ नांदत नाहीत.

१५/
१० ऑक्टोबर २०१५ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सचा चेस अटली दुसऱ्या बेसकडे उशिरा आणि जोरात घसरला आणि न्यूयॉर्क मेट्सच्या रुबेन तेहादाच्या पायांवर आदळला. तेहादाचा पाय मोडला. पंचांनी अटलीला आऊट दिले. तो मैदान सोडून गेला. मग चित्रफीत पाहिली गेली. तेहादाचा पाय बेसला लागलाच नव्हता, आणि चेंडूची फेक पाहता वहिवाटीची सवलत लागू होत नाही, असे ठरले. अटलीनेही बेसला स्पर्श केला नव्हता. तरी त्याला सेफ ठरवून परत बोलावण्यात आले. पाय मोडलेला खेळाडू बाहेर, मोडणारा बेसवर. २०१६ मध्ये घसरण्याचे नियम कडक झाले, हे चांगले झाले. त्याबरोबर वहिवाटीची सवलत मात्र संपली आणि तो निर्णयही आव्हानाच्या कक्षेत आला.

१६/
चौथा तोटा वेळेचा आणि भावनेचा. सुरुवातीच्या काळात एक हास्यास्पद दृश्य रूढ झाले. मॅनेजर मैदानात येई, पंचाशी उगाच गप्पा मारी आणि डोळा डगआउटकडे ठेवी. आत संघाचा माणूस चित्रफीत पाहत असे. त्याने खूण केली की आव्हान, नाहीतर मॅनेजर माघारी. पूर्वी एर्ल वीव्हर, बॉबी कॉक्स यांच्यासारखे मॅनेजर पंचाशी खरेखुरे भांडत. कॉक्स यांना तर कारकिर्दीत दीडशेहून अधिक वेळा मैदानाबाहेर घालवले गेले. ते भांडण आदर्श होते, असे मी म्हणत नाही. पण त्यात माणूस समोरच्या माणसाशी बोलत होता. नव्या दृश्यात दोघेही तिसऱ्याची वाट पाहत उभे. २०१७ मध्ये निर्णयासाठी ३० सेकंदांची मर्यादा घालावी लागली. पुढे ती टप्प्याटप्प्याने १५ वर आली.

१७/
याहून मोठी हानी प्रेक्षकाची. निर्णायक क्षणी मैदान उसळून उठायचे, ते आता अर्ध्यावर थबकते. खात्री होईपर्यंत आनंद राखून ठेवावा लागतो. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर १९९२ मध्ये दर्बान कसोटीत दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून धावबाद ठरलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर होता. त्यानंतर वाढलेल्या पिढीला, माझ्या पिढीला, पंचाचे बोट वर गेल्यावर लगेच जल्लोष न करण्याची सवय लागली आहे. आम्ही आधी मोठ्या पडद्याकडे पाहतो. क्रिकेटने चेंडूच्या मार्गाच्या अंदाजात ‘अंपायर्स कॉल’ ठेवून पुराव्याच्या मर्यादेची कबुली तरी दिली. तिची टिंगल पुष्कळ होते. मला ती त्या व्यवस्थेतील सर्वांत प्रामाणिक तरतूद वाटते.

१८/
पाचवा तोटा सर्वांत गंभीर, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण. आव्हान द्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी प्रत्येक संघाला डगआउटजवळ चित्रफीत-कक्ष मिळाला. तेथे मैदानावरील कॅमेऱ्यांची थेट दृश्ये येत. कॅचर पिचरला पुढचा चेंडू कोणता टाकायचा, हे तेव्हा बोटांच्या खुणांनी सांगत असे. २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या त्या कक्षातील माणसांनी मधल्या कॅमेऱ्याच्या दृश्यांवरून या खुणांची सांकेतिक भाषा उलगडण्यास प्रारंभ केला. पुढे डगआउटलगत वेगळा पडदा बसवून, कचऱ्याच्या डब्यावर ठोके मारून बॅटरला इशारे दिले जाऊ लागले. त्या वर्षी ॲस्ट्रोजने वर्ल्ड सिरीज जिंकली.

१९/
नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच संघाचा माजी पिचर माइक फायर्स याने हे उघडपणे सांगितले. १३ जानेवारी २०२० रोजी आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांचा चौकशी अहवाल आला : ५० लाख डॉलरचा दंड, नव्या खेळाडूंच्या निवडीतील पहिल्या दोन फेऱ्यांचे हक्क दोन वर्षांसाठी रद्द, जनरल मॅनेजर जेफ लूनो आणि मॅनेजर ए. जे. हिंच एका वर्षासाठी निलंबित. दोघांना संघानेही त्याच दिवशी काढून टाकले. एप्रिल २०२० मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या २०१८ मधील प्रकरणाचा निकाल आला. शिक्षा झालेला माणूस होता संघाचा चित्रफीत-कक्ष सांभाळणारा कर्मचारी.

२०/
कोणी म्हणेल, खुणा चोरण्याचा धंदा जुनाच आहे. खरे आहे. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने पोलो ग्राउंड्सच्या मध्यभागामागील खोलीतून दुर्बिणीने खुणा पाहून विजेच्या घंटीने त्या पोहोचवल्या होत्या. पण त्या दुर्बिणीला लपून बसावे लागत होते. २०१७ मध्ये दुर्बिणीची जागा घेणारा पडदा लीगनेच, न्यायाच्या नावाने, संघाच्या दाराशी आणून ठेवला होता. गैरवापराची वृत्ती रिप्लेने जन्माला घातली नाही. तिला अधिकृत खोली मात्र दिली.

२१/
सहावा तोटा, ज्याच्याशी माझा घरचा संबंध आहे. सातारा जिल्ह्यातील आमच्या आजोळी यात्रेनिमित्त टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा होतात. माझे मामा तेथे वर्षानुवर्षे पंच म्हणून उभे राहिले. मानधन म्हणजे नारळ आणि टोपी. काही वर्षांपूर्वी सामने यूट्यूबवर थेट दिसू लागले. एका अंतिम सामन्यात मामांनी एकाला धावबाद दिले. कोणीतरी मोबाईल घेऊन आले. मामांनी ते दृश्य नीट पाहिले आणि म्हणाले, “ह्यात दिसतंय ते मला दिसलं न्हाई, बरोबर. पर मी जिथं हुतो तिथनं जे दिसलं, ते ह्या मोबाईलात बी न्हाई.” सामना संपला, दोन्ही संघ एकाच पंगतीत जेवले.

२२/
पण ती चित्रफीत जेवून उठली नाही. गटागटांतून ती महिनोन्‌महिने फिरत राहिली. खाली लिहिलेले मजकूर येथे देण्याजोगे नाहीत. एका बाजूने, तिरक्या कोनातून घेतलेल्या त्या दृश्यात चेंडू यष्टीला केव्हा लागला, हे नक्की सांगता येत नाही. मी ते कितीतरी वेळा पाहिले आहे. पुढच्या वर्षी मामांनी उभे राहण्यास नकार दिला. गावातला दुसरा कोणीही तयार होईना. आता तालुक्याच्या ठिकाणाहून पैसे देऊन पंच आणतात, आणि तो प्रत्येक अटीतटीच्या वेळी कॅमेरावाल्याकडे पाहतो. निर्णय कदाचित अधिक अचूक होत असतील. निर्णयाची जबाबदारी घेणारा माणूस मात्र गावाने गमावला.

२३/
मोठ्या मैदानांवरही हेच घडते, फक्त सभ्य भाषेत. जॉयस यांना क्षमा मागता आली, कारण निर्णय त्यांचा होता आणि सर्वांना त्यांचा चेहरा दिसत होता. गंमत पाहा : त्याच महिन्यात एका क्रीडावाहिनीने खेळाडूंची गुप्त मते घेतली, तेव्हा सर्वोत्तम पंच म्हणून सर्वाधिक पसंती जॉयस यांनाच मिळाली. न्यूयॉर्कच्या कक्षाने चूक केली, तर क्षमा कोणी कोणाची मागायची? तेथेही अनुभवी पंचच बसतात, परंतु प्रेक्षकांना त्यांचा चेहरा दिसत नाही. निर्णयाचे उत्तरदायित्व पसरट होत जाते आणि शेवटी ‘यंत्रणेने ठरवले’ एवढेच उरते. दप्तरी कागदांत ‘हुकूम झाला’ असे वाक्य भेटते, आणि हुकूम कोणी केला ते शोधण्यात दिवस जातो. तसलाच हा प्रकार.

२४/
शिवाय हा प्रवास थांबत नाही. एक प्रकारचा निर्णय तपासता येऊ लागला की उरलेले निर्णय अधिकच डोळ्यांत खुपतात. पिचरचा चेंडू योग्य पट्ट्यात होता की नाही, हा पंचाचा सर्वांत जुना आणि खासगी अधिकार. कोरियाच्या लीगने २०२४ मध्ये तो यंत्राकडे सोपवला. अमेरिकेच्या लीगने २०२६ च्या मोसमापासून त्यावरही आव्हानाची सोय मंजूर केली. प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर वाजवीच वाटते.

२५/
मग रिप्ले काढून टाकावा का? मला तसे वाटत नाही. गेलेली निरागसता आणता येत नाही. प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशात कॅमेरा असताना, चूक सर्वांना दिसते आणि एकट्या पंचालाच ती पाहण्याची बंदी, हाही त्याच्यावर अन्यायच. माझे म्हणणे मर्यादेपुरते आहे. तपासणी मूळ वेगात व्हावी. जे मूळ वेगात दोनदा पाहून दिसत नाही, ते चूक मानू नये. आव्हानाचा अधिकार संघांच्या डावपेचांतून काढून पंचांच्या चमूकडे द्यावा आणि संघांचे स्वतंत्र चित्रफीत-कक्ष बंद करावेत. तपासून बदललेला निर्णय त्याच पंचाने, मैदानावर, आपल्या तोंडाने सांगावा. २०२२ पासून पंच ध्वनिक्षेपकावरून निकाल जाहीर करतात. हे योग्य दिशेचे पाऊल आहे. या मर्यादेत जॉयस यांची चूक दुरुस्त झाली असती आणि लोबातोनचा पाय कोणाला दिसला नसता.

२६/
या धाग्यात एक गैरसोयीचा तपशील अजून सांगायचा आहे. गलारागा आणि जॉयस यांची कथा क्षमेची कथा म्हणून सांगितली जाते. दोघांनी मिळून त्या सामन्यावर एक पुस्तकही लिहिले. परंतु २०२० मध्ये, दहा वर्षांनी, गलारागाने आपली इच्छा बोलून दाखवली की, लीगने तो सामना परफेक्ट गेम म्हणून नोंदवावा. त्याने जॉयस यांना क्षमा केली होती, आणि तरीही त्याला नोंद हवी होती. रिप्लेवर टीका करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे विसरू नये. चुकीतून निर्माण झालेली सुंदर गोष्ट आपण ऐकतो. तिची किंमत दुसऱ्याने मोजलेली असते.

२७/
माझ्या मते आयुक्तांनी ती नोंद करावी. खेळ थांबवून नव्हे. खेळ केव्हाच संपला आहे. घाई नाही, कोणाच्या आनंदात खंड पडणार नाही, पुरावा निःसंशय आहे आणि ज्याने चूक केली त्याने ती स्वतः सांगितली आहे. एवढ्या अनुकूल परिस्थितीत निवाडा करण्याची संधी इतिहासाला क्वचित मिळते.

सत्ताविसाव्या भागावर धागा संपवते. ज्यांना रिप्ले हवाच आहे, त्यांनी लोबातोनच्या बाबतीत ते काय करतील, हे अवश्य लिहावे. ज्यांना नको आहे, त्यांनी गलारागाला काय सांगाल ते लिहावे.